तीन अधिक चार बरोबर पाच

भिंतीतल्या विजेबद्दल माझी पहिली तक्रार अशी की ती कुठेच जात नाही. बॅटरीचा करंट कसा, एका टोकाने निघाला, दिव्यातून गेला, दुसऱ्या टोकाला पोचला. सरळमार्गी कारभार. भिंतीतला एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारा करंट, सेकंदाला शंभरदा दिशा बदलतो. ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनं, आणि प्रत्येकात एकदा पुढे, एकदा मागे. या सगळ्या धावपळीत पंख्याच्या वायरीतला इलेक्ट्रॉन किती अंतर कापत असेल? केसाच्या जाडीचा शंभरावा भागसुद्धा नाही. जागच्या जागी थरथरतो, बस्स. आणि एवढ्यावर महिन्याच्या महिन्याला बिल येतं.

ही तक्रार मी मुलीकडे केली. ती इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकते, त्यामुळे घरात आता वीज आणि मत दोन्ही भरपूर आहे. मी म्हटलं, "जितका पुढे तितकाच मागे, म्हणजे सरासरी शून्य. शून्याचे पैसे कसले?"

"बाबा, इस्त्रीला हात लावून बघा सरासरी किती ते."

मुद्दा बिनतोड होता. करंट पुढे जावो की मागे, इस्त्री तापतेच. म्हणून या लोकांनी सरासरी काढायची वेगळी रीत शोधली: आधी वर्ग करायचा, म्हणजे उणे आकडे आपोआप अधिक होतात, मग सरासरी, मग वर्गमूळ. याला ते आरएमएस म्हणतात. भिंतीतले २३० व्होल्ट म्हणजे हा आरएमएस. तेवढीच उष्णता देणारी बॅटरी २३० व्होल्टची लागेल, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात तिथला दाब शून्यापासून ३२५ पर्यंत चढतो, उतरतो, उणे ३२५ ला जातो आणि परत येतो. नेमका २३० वर, अधिक किंवा उणे, तो एका आवर्तनात चारदा असतो, तोही जाता-येता. म्हणजे आयुष्यभर ज्या आकड्याचा धाक बाळगला, तो आकडा भिंतीत मुक्कामाला नसतोच.

इथवर ठीक होतं. मग पंखा बिघडला.

बिघडला म्हणजे पूर्ण बंद नाही. बटण दाबलं की आतून "हूंऽऽ" असा आवाज, पाती जागेवर. बायको म्हणाली, "जरा ढकलून बघा." मी जळमटं काढायच्या काठीने पात्याला टोचलं आणि पंखा फिरू लागला! पण घरात एकालाही वारा लागेना, आणि टेबलावरचा कागद हलेना. निरखून पाहिलं तर पंखा उलटा फिरत होता आणि सगळा वारा छताला घालत होता. थांबवला, दुसऱ्या बाजूने टोचला. तेवढ्याच आनंदाने सुलटा फिरायला लागला. कुठल्या बाजूला फिरायचं याबद्दल पंख्याला स्वतःचं काहीही मत नव्हतं. काठी म्हणेल ती पूर्वदिशा.

वायरमन आला. वर न बघता, नुसता आवाज ऐकून म्हणाला, "कंडेन्सर गेलाय, काका. आणि ती काठी आधी खाली ठेवा." मेन बंद करून, स्टुलावर चढून त्याने पंख्याचा कप खाली सरकवला आणि काड्यापेटीहून जरा मोठी एक काळी डबी काढली. त्यावर २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं.

"ही काय करते?"

"ही असली की फिरतो. नसली की नाही."

याहून थोडक्यात आणि खरं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. दुर्दैवाने मी रात्री मुलीलाही विचारलं.

तिने वही काढली. सिंगल फेजच्या मोटरीत एकच वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, असेल तर चुंबकीय क्षेत्र नुसतं वरखाली होतं, फिरत नाही. ते एकाच वेळी दोन उलट दिशांना फिरणाऱ्या क्षेत्रांची बेरीज असल्यासारखं वागतं, म्हणून रोटर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग, दोघांच्या मध्ये अडकून हूं करतो आणि पहिला धक्का ज्या बाजूने मिळेल त्या बाजूचा होतो. मोटरीला दिशा द्यायची तर दुसरं वाइंडिंग हवं आणि त्यातला करंट पहिल्याच्या पुढेमागे हवा, शक्यतो पाव आवर्तन, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. ते काम त्या काळ्या डबीचं. वायरमनचा कंडेन्सर म्हणजेच हिचा कपॅसिटर, आणि त्यात करंट व्होल्टेजच्या आधी येतो. कॉइलमध्ये व्होल्टेज आधी, करंट मागून. साध्या रोधात दोघे बरोबर.

"आधी येतो म्हणजे? व्होल्टेज यायच्या आधीच करंट?"

"बाबा, शिखर आधी गाठतो. बटण दाबायच्या आधी नाही येत."

यानंतर जे घडलं त्याला मी माझ्या शालेय शिक्षणाचा अपमान समजतो. तिने तीन ओहमचा रोध आणि चार ओहम रिॲक्टन्सची, म्हणजे एसीला तेवढा अडथळा करणारी, कॉइल एकापुढे एक जोडली आणि विचारलं, एकूण किती? मी म्हटलं सात. ती म्हणाली पाच. एक आडवा, एक उभा, म्हणून पायथागोरस. बरं, निदान बेरीज कमी येते एवढा तरी नियम असावा, तर तोही नाही. कॉइल आणि कपॅसिटर एकापुढे एक जोडून योग्य फ्रीक्वेन्सी मिळाली, तर प्रत्येकावरचे व्होल्ट मूळ पुरवठ्यापेक्षा जास्त भरू शकतात. दोघे एकमेकांच्या बरोब्बर उलट असल्यामुळे बेरजेत काही दिसत नाही. मीटर लावून मोजावं तर तिघांचेही आकडे खरे आणि हिशेब जुळत नाही.

हा हिशेब सगळ्यांनाच छळत असावा. १८९३ साली शिकागोच्या वीज परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झ या माणसाने सांगितलं की ही गणितं काल्पनिक संख्यांनी करा, सोपी जातात. उणे एकचं वर्गमूळ! जे अस्तित्वात नाही असं शाळेत बजावून सांगितलं होतं, त्यावर माझा पंखा चालतो. गणितवाले त्याला 'आय' म्हणतात. वीजवाल्यांकडे 'आय' करंटने आधीच पटकावलेला, म्हणून यांचा 'जे'.

मला खरा धक्का बसला तो पॉवर फॅक्टरने, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातले खरोखर कामाचे वॉट किती, त्या प्रमाणाने. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, एवढं एक सूत्र मला येत होतं. तेही गेलं. कपॅसिटर पाच मिलिसेकंद ऊर्जा हातउसनी घेतो आणि पुढच्या पाच मिलिसेकंदांत पै न् पै परत करतो. वायरीतून करंट वाहतो, वायर तापते, आणि काम मात्र शून्य. घरगुती मीटर बहुधा खऱ्या वॉटचेच युनिट मोजतो, त्यामुळे आपलं फारसं बिघडत नाही. पण मोठ्या कारखान्यांना या नुसत्या ये-जा करणाऱ्या करंटचा भुर्दंड बसतो, आणि तो टाळायला ते मुद्दाम कपॅसिटर बसवतात, म्हणजे मोटरीची उसनवारी आवारातल्या आवारातच मिटते.

एवढं ज्ञान झाल्यावर मी स्वतःचा टेस्टर घेतला. आणि तो वापरायची वेळही आली, कारण एका संध्याकाळी अर्ध्या घरातले दिवे गेले. मी प्लगच्या एका भोकात टेस्टर घातला, पेटला. दुसऱ्यात घातला, तोही पेटला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ चौकशीला आले होते, ते म्हणाले, "डबल फेज आलाय! मोठा धोका." बायको म्हणाली, "दोन्हीकडे करंट आहे तर दिवा का लागत नाही?"

प्रश्न एका बाजूने बघितला तर अडाणी होता आणि दुसऱ्या बाजूने अख्खा विषय. टेस्टरच्या आत मोठा रोध आणि एक इवलासा निऑन दिवा असतो. त्याला नगण्य करंट पुरतो. तो आपल्या अंगातून जमिनीकडे जातो, आणि एसी असल्यामुळे पायात चप्पल असली तरी जातो, कारण माणूस आणि जमीन मिळून हासुद्धा एक कपॅसिटरच. इतक्या थोडक्यात समाधान मानणाऱ्याची साक्ष कितपत धरायची?

वायरमन आला. त्याने त्या लाइनवरची सगळी बटणं बंद करायला लावली आणि पुन्हा टेस्टर घातला. दुसरं भोक विझलं.

"न्यूट्रल सुटलाय. रिटर्न दाखवतोय."

म्हणजे चालू ठेवलेल्या दिव्यातून फेज पलीकडच्या वायरीत उतरत होता आणि परतीचा रस्ता बंद असल्यामुळे तिथेच तुंबून राहिला होता. दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट, फरक शून्य, दिवा बंद. मी उत्साहाने विभवांतर हा शब्द काढणार होतो, तेवढ्यात त्याने मेन पाडला, बोर्ड उघडला, माझा टेस्टर घेतला आणि न्यूट्रलच्या पट्टीवरचा एक ढिला स्क्रू त्यानेच आवळला. मेन वर केल्याबरोबर दिवे लागले.

"चांगला आहे हं हा, काका," टेस्टर परत देत तो म्हणाला. "स्क्रू मस्त आवळले जातात."