‘झेरॉक्स बँड’कडून उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, चिडलो, तावातावाने उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. आज पुन्हा बसलोय, कारण त्यातलं थोडंसं मला पटलंय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की हौशी बँडने पहिली दहा-बारा गाणी रेकॉर्डवर आहेत तशीच्या तशी बसवावीत, स्वतःच्या करामती नंतर. त्यावर तुमचं म्हणणं असं: ही निव्वळ नक्कल आहे, झेरॉक्स काढणाऱ्याला कुणी चित्रकार म्हणत नाही. बीटल्स दुसऱ्यांची गाणी घोटत बसले असते तर बीटल्स झालेच नसते. शिवाय मी एकीकडे ‘तशीच्या तशी’ म्हणतो आणि दुसरीकडे आमच्या गायिकेसाठी पट्टी उतरवतो, हा दुटप्पीपणा. आणि जाता जाता एक चिमटा, तुमच्या बँडचं स्वतःचं एक तरी गाणं आहे का?

बीटल्सचं आधी उरकतो. अहो, तेच तर करत होते ते! १९६० ते १९६२ या काळात हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र रात्र वाजवायचे, ती बहुतेक दुसऱ्यांचीच गाणी. १९६३च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि त्यातली ६ इतरांची. हे उदाहरण तुम्ही माझ्याच पदरात टाकलंत.

झेरॉक्सचा मुद्दा मात्र असा झटकून टाकता येणार नाही. तुम्ही म्हणता तुम्हीही कॉलेजात वाजवायचात, म्हणजे हे तुम्हाला ठाऊक असणार: हौशी बँडमध्ये कुणी कुणाचा साहेब नसतो. पैसे नाहीत, करार नाही, आठवड्यातली एक संध्याकाळ, तीही ज्याच्या घरी जमतो त्याच्या घरच्यांच्या मेहेरबानीवर. अशा ठिकाणी ‘तू चुकतोयस’ हे सांगायचं कुणी? सांगितलं तर समोरचा म्हणतो, माझी स्टाइलच तशी आहे. गाणं आपलंच असेल तर यावर कुणाचं काही चालत नाही. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं, बसवताना मात्र खोलीत एक तिऱ्हाईत येऊन बसतो, तो म्हणजे मूळ रेकॉर्ड. तो कुणाचा मित्र नाही, त्याला कुणाची भीड नाही, आणि कितीही वेळा विचारलं तरी तेच सांगतो.

आमचीच गोष्ट सांगतो. एक गाणं दोन महिने वाजवत होतो आणि ते काही केल्या उचलत नव्हतं. ओलं पोतं ओढल्यासारखं वाटायचं. ड्रमरच्या मते मी गिटारवर फार भरतो, माझ्या मते तो ड्रम बडवतो. शेवटी वैतागून सॉफ्टवेअरमध्ये वेग निम्मा करून ऐकलं. (आता पट्टी न हलवता हे करता येतं. टेपच्या काळी वेग निम्मा केला की सगळंच एक सप्तक खाली जायचं आणि गायिकेचा राक्षस व्हायचा.) दुसऱ्या अंतऱ्याला कान लावला तर काय, पहिल्या मात्रेवर बेस वाजतच नाही! किक ड्रम एकटाच पडतो आणि बेस अर्ध्या मात्रेने मागून येतो. आमचा बेसवाला दोन महिने नेमका तिथेच ठाम ‘धम्’ ठेवून देत होता.

‘मग मी तिथे काय करू?’

‘काही करू नकोस.’

हे ‘काही न करणं’ बसायला तीन प्रॅक्टिस गेल्या, कारण हात आपोआप पडायचा. तिसऱ्या आठवड्यात एकदाची ती जागा मोकळी राहिली आणि सगळे वाजवता वाजवता एकमेकांकडे बघून हसलो. गाण्याला श्वास मिळाला होता. आपल्या मनाने वाजवत राहिलो असतो तर ती जागा आम्हाला जन्मात सापडली नसती. आता तोच पठ्ठ्या भलत्याच गाण्यांत मध्येच हात उचलून थांबतो. कधी जमून जातं, कधी सगळेच तोंडघशी पडतो.

(ड्रमरबद्दलही लिहिणार होतो. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत सुरू झालेलं गाणं तो १०८वर नेऊन संपवतो. पण तो हे वाचतो.)

आता जे पटलं ते. गिटारचा सोलोसुद्धा सुरासुराने उतरवा, असं मी लिहिलं होतं. तो हट्ट होता, मागे घेतो. बेस आणि ड्रम हा गाण्याचा सांगाडा, तिथे रेकॉर्डचं ऐकावं. सोलो हे त्या माणसाचं त्या दिवसाचं बोलणं. मी एक सोलो चार महिने घोटला, वाजवलाही बिनचूक, आणि रेकॉर्डिंग ऐकलं तर पाठांतर म्हणणाऱ्या पोरासारखा वाटलो. तुमचा झेरॉक्स शब्द तिथे बरोबर बसतो.

पट्टीचं मात्र ऐकून घ्या. मूळ गाणं पुरुषाच्या आवाजात, पांढरी तीनचं (पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी). आमच्या गायिकेला ते पांढरी एकवर सोयीचं पडतं, म्हणजे चार अर्धस्वर खाली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या गाण्याचा सगळा डौल गिटारच्या जाड तारेवरच्या रिफमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धूनमध्ये आहे, आणि ती तार मोकळी सोडली की पांढरी तीनच बोलते. त्याखाली गिटारवर सूरच नाही! कापो (गिटारच्या तारा दाबून धरणारी क्लिप) लावला तर पट्टी चढते, उतरत नाही. तारा चार अर्धस्वर ढिल्या केल्या तर त्या फ्रेटवर खडखडतात. शेवटी तो रिफ कीबोर्डच्या डाव्या हाताला दिला, आणि मी रिकाम्या हातांनी अर्धं गाणं उभा. याला दुटप्पीपणा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे, पण गळा काही भाड्याने मिळत नाही.

आणि गायिकेसाठी गाणं बदललं की ते कुठल्या कुठे जाऊ शकतं, याचं उदाहरण तुमच्याही माहितीतलं असेल. ‘रिस्पेक्ट’ हे अमेरिकन गायक ओटिस रेडिंगचं १९६५चं गाणं. १९६७ साली गायिका अरीथा फ्रँकलिनने ते गायलं. त्या शब्दाची एकेक अक्षर सुटं म्हणण्याची जागा, जी आज सगळ्यांच्या तोंडी आहे, ती ओटिसच्या गाण्यात नाहीच. घरी परतणाऱ्या पुरुषाची मागणी बाईच्या तोंडी आली आणि तिचा अर्थच फिरला. झेरॉक्स मशीनमधून असं काही निघत नाही.

राहिला चिमटा. स्वतःची गाणी आहेत, दीड. एक पूर्ण आहे, तुम्हाला पाठवेन, शिव्या घालायला मोकळे आहात. दुसऱ्याचा ब्रिज, म्हणजे मधला वेगळ्या चालीचा तुकडा, पाच महिने अडलाय. कीबोर्डवाला म्हणतो तिथे लय निम्मी करायची, ड्रमर म्हणतो अजिबात नाही, दर आठवड्याला तेच भांडण, आणि लावून बघायला रेकॉर्ड नाही.