खुलासा : ‘नॅनो लोखंडाची पुडी’ आणि विहिरीचं पाणी

वऱ्हाडातल्या गावच्या ग्रुपांवर मेसेज फिरून राहिला : ‘नॅनो लोखंडाची पुडी हंड्यात टाका, दहा मिनिटांत नायट्रेट गायब.’ हे अर्धंच खरं. (नायट्रेट म्हणजे खतातून, उकिरड्यातून पाण्यात झिरपणारा, तान्ह्या लेकरांना घातक असा क्षार.) असे अतिसूक्ष्म लोहकण नायट्रेट घटवतात, पण त्याचा बराचसा अमोनिया होतो. म्हणजे एक काढलं अन् दुसरं घातलं! शिवाय ते कण नंतर वेगळे कसे करायचे, यावर मेसेज गप्प. लुगड्याच्या फडक्यानं ते निघत नाहीत.

उकळूनही फायदा नाही. वाफ जाते, नायट्रेट पातेल्यातच राहून दाट होतं. तुरटीचंही तेच, गढूळपणा तेवढा बसतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. उकिरड्याजवळच्या विहिरीचं पाणी नितळ दिसलं तरी तपासून घ्या. तोवर तान्ह्या लेकराच्या वरच्या दुधात ते घालू नका.