गार्डियनशिप काढली का?

मूल अठरा वर्षांचं झालं की विशेष मुलांच्या, म्हणजे बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्या मुलांच्या, आईवडिलांत पहिला प्रश्न हाच. गार्डियनशिप म्हणजे त्याच्या वतीनं निर्णय घ्यायला कायदेशीर पालक नेमून घेणं. जणू रेशनकार्डच. कशासाठी काढायची, हे मात्र कुणी विचारत नाही. असे पालक ज्याखाली नेमतात, तो राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा. जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीनं असा पालक नेमण्याआधी त्या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि नेमकी कशासाठी, हे बघायचं, असं त्यातच लिहिलंय.

माझ्या धाकट्या भावाला बौद्धिक अक्षमता आहे. चाळिशी जवळ आलीय त्याची. नोटा मोजताना गोंधळतो, पण कुणाच्या घरी जायचं नाही आणि कुठला डॉक्टर नको, हे पक्कं असतं. बँकेत साहेब माझ्याकडे बघून बोलतात, "यांना कळत नाही ना? गार्डियनचं सर्टिफिकेट आणा." हा शेजारच्याच खुर्चीत, सगळं ऐकतोय.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर आणखी स्पष्ट आहे. कायद्यासमोर त्याची पात्रता इतरांइतकीच. मर्यादित पालकत्व दिलंच, तर ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं आणि त्याच्या इच्छेला धरून. शिवाय पैशाच्या किंवा मालमत्तेच्या एखाद्या व्यवहारात निर्णय घ्यायला आधार देणाऱ्याचेच हितसंबंध आड येत असतील, तर त्यानं त्यातून बाजूला व्हायचं. आईबाबांच्या फ्लॅटचे आम्ही दोघंही वारस. नातेवाईक म्हणतात, तूच गार्डियन हो, सोपं पडेल. कुणाला?

"त्यांच्या भल्यासाठीच" हे वाक्य ऐकलं की मला १९९४ आठवतं. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनमध्ये काढली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता. २००९ मध्ये चंदीगडच्या एका तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गर्भपाताला तिची स्वतःची संमती हवी. तिला बाळ हवं होतं.

"अहो, ते कशालाही हो म्हणतात," असं लोक म्हणतात. खरंय. आमचाही म्हणतो. म्हणून तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी उलटा करून विचारायचा, फोटो दाखवायचे, जागेवर नेऊन आणायचं. निवासी संस्थेचा विषय निघाला तेव्हा आम्ही त्याला तिथे राहूनच बघ म्हटलं. परत आल्यावर म्हणाला, "नको. रात्री दिवा बंद करतात." आम्ही जेवण आणि फी बघत बसलो होतो! मग दिव्याचं संस्थेशी बोललो. तरी तो नकोच म्हणतोय, आणि सध्या विषय तिथेच आहे. वेळ जातो, चिडचिडही होते.

अक्षमता फारच तीव्र असेल, बोलणं-खुणा काहीच नसेल, तिथे पालक लागेलही. पण सरसकट सगळ्यांना कशाला?

अर्ज करणारच असाल तर "सर्व बाबींसाठी" लिहू नका. पेन्शनचं खातं चालवायला हवं असेल, तर तेवढंच लिहा. आणि समितीसमोर जाताना त्याला घरी ठेवू नका.