खुलासा : 10 किलो शेंगदाण्यांतून 7 लिटर तेल निघत नाही

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : छोट्या तेलघाण्याच्या मशीनची चाचणी झाली, 10 किलो शेंगदाण्यांतून 7 लिटर तेल मिळालं. हे चुकीचं आहे. शेंगदाण्यात वजनाच्या साधारण 45 ते 50 टक्केच तेल असतं. 7 लिटर तेल भरतं जवळपास 6.4 किलो, म्हणजे दाण्यात आहे त्याहूनही जास्त. शिवाय छोट्या मशीनच्या पेंडीत थोडं तेल राहतंच. 4 किलो, म्हणजे सुमारे 4.4 लिटर निघालं तरी मशीन चांगलं म्हणायचं. ताजं तेल गढूळ असतं. गाळ खाली बसू द्या, मग मोजा, आणि पेंडही तोलून बघा. या आकड्यावर भरवसा ठेवून कुणी बचत गटाचं कर्ज काढेल, याची मला खरंच काळजी वाटते. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.