फाटकावरचे बुजगावणे : एका फिरत्या मजकुराला उत्तर

लष्करी पहाऱ्याविषयी एक मजकूर सध्या हातोहात पुढे धाडला जात आहे. त्याचा मथितार्थ असा : कॅमेरे आणि ड्रोन आल्यापासून तळाच्या फाटकावरचा संत्री हे बंदूक दिलेले बुजगावणे उरले आहे, मरायलाच निघालेल्या हल्लेखोराला तो अडवू शकत नाही, दहशतवादी हल्ला सांगून होत नसल्याने सैनिकांना दिले जाणारे दहशतवादविषयक प्रशिक्षण म्हणजे हजेरीपटावरची सही, आणि कटाचा माग काढणे हे गुप्तचरांचे काम आहे, शिपायाचे नव्हे. मजकूर खटकेबाज आहे आणि त्यातली एक तक्रार रास्तही आहे. तिच्याकडे शेवटी वळेन. उरलेली विधाने मात्र ज्या घटनांचे दाखले देऊन केली जातात, त्या घटनांचा तपशील पाहिला की टिकत नाहीत.

पहिला मुद्दा कॅमेऱ्याचा. माणसाचे लक्ष उडते, यंत्राचे उडत नाही, असे लेखक म्हणतो. माणसाचे लक्ष उडते हे खरेच आहे. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकसुरी फिरणाऱ्या काट्याकडे लोकांना बघत बसवले होते, आणि काट्याने मध्येच घेतलेली मोठी उडी टिपण्याची त्यांची क्षमता पहिल्या अर्ध्या तासातच घसरली. पण हा प्रयोग मुळात रडारचा पडदा न्याहाळणाऱ्यांच्या अडचणीतून जन्मला होता. म्हणजे फाटकावरचा माणूस उचलून पडद्यासमोर बसवला, तर आपण त्याला नेमक्या त्या कामावर बसवतो जिथे त्याची नजर सर्वांत लवकर बोथट होते. शिवाय कॅमेरा पाहतो, विचारत नाही. अफगाणिस्तानातील कॅम्प बॅस्टियन हा परदेशी फौजांचा तळ विस्तीर्ण आणि आधुनिक होता. १४ सप्टेंबर २०१२ च्या रात्री अमेरिकी सैन्याच्या गणवेशातील १५ हल्लेखोर तिथले कुंपण कापून आत शिरले, दोन मरीन (अमेरिकेच्या मरीन कोअर या दलाचे सैनिक) मारले गेले आणि सहा हॅरियर लढाऊ विमाने नष्ट झाली. त्या रात्री कुंपणाकडेचे पहाऱ्याचे अनेक मनोरे रिकामे होते, आणि या हलगर्जीपणासाठी पुढे दोन जनरलना निवृत्त व्हावे लागले. मनोरे रिकामे ठेवता येतील असे कोणाला तरी वाटले होते. मजकुराचा लेखक हेच धोरण म्हणून सुचवतो आहे.

फाटकावर प्रत्यक्ष काय चालते, हे त्याने जवळून पाहिलेले दिसत नाही. वाहन थांबले की एक संत्री चालकाशी बोलतो आणि दुसरा थोडा मागे, तिरक्या कोनात उभा राहतो, म्हणजे दोघे एकाच रेषेत येत नाहीत. इंजिन बंद होते, चालक खाली उतरतो, आणि बॉनेट व डिकी त्यालाच उघडायला लावतात. या सगळ्यात ओळखपत्राइतकेच महत्त्व चालकाच्या हातांना असते, रिकाम्या म्हणून सांगितलेल्या गाडीची मागची बाजू दबली आहे का याला असते, आणि ‘कोणाकडे निघालात?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर चटकन येते की घडवून येते याला असते. ओळखपत्राची सत्यता यंत्र पडताळू शकेल. उत्तरातली अडखळ ऐकायला मात्र समोर कोणीतरी उभे असावे लागते.

दुसरा मुद्दा आत्मघाती हल्ल्याचा. इथे मजकुरात लेबनॉनमधील बैरुतचा दाखला आहे, आणि तो अर्धवट आहे. २३ ऑक्टोबर १९८३ रोजी रविवारी पहाटे स्फोटकांनी भरलेला एक पिवळा ट्रक तिथल्या विमानतळावरील अमेरिकी मरीन पथकाच्या इमारतीत घुसला आणि २४१ सैनिक मारले गेले. काही मिनिटांतच झालेल्या दुसऱ्या स्फोटात ५८ फ्रेंच छत्रीधारी सैनिक गेले. ‘संत्री होते, काय करू शकले?’ असा लेखकाचा सवाल आहे. त्याचे उत्तर अमेरिकी संरक्षण खात्याने नेमलेल्या लाँग आयोगाच्या अहवालात आहे. अपघाताने गोळी सुटू नये म्हणून त्या संत्र्यांच्या बंदुकांत मॅगझिनच, म्हणजे गोळ्यांचा साचाच, चढवू दिले नव्हते. एकाने ते चढवून बंदूक सज्ज करेपर्यंत ट्रक इमारतीत शिरला होता. त्याहून बोलकी गोष्ट आहे ती गोळी कधी झाडायची याचे नियम लिहिलेल्या, संत्र्यांच्या खिशातल्या कार्डांची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बैरुतच्या अमेरिकी दूतावासावर असाच हल्ला झाल्यानंतर दूतावासाची राखण करणाऱ्या मरीनांना निळ्या कार्डावर सुधारित नियम मिळाले आणि संशयास्पद वाहनावर गोळीबार करण्याची मोकळीक मिळाली. विमानतळावरच्या त्यांच्याच भाईबंदांच्या खिशात मात्र जुने पांढरे कार्ड राहिले. एकाच शहरात, एकाच पथकात, एकाच धोक्यासाठी दोन नियम होते. आयोगाने ठपका ठेवला तो वरच्या अधिकाऱ्यांवर. संत्र्याचे हात बांधायचे आणि मग त्याला हात नाहीत म्हणून हिणवायचे, हा कुठला न्याय?

हात मोकळे असले की काय होते, हे २२ एप्रिल २००८ रोजी इराकमधील रमादी येथे दिसले. जोनाथन येल आणि जॉर्डन हार्टर हे दोन मरीन एका संयुक्त चौकीच्या प्रवेशद्वारावर उभे होते. वयाने एक २१ चा, दुसरा १९ चा. परवानगी नसलेले कोणतेही वाहन आत सोडायचे नाही, असा त्यांना आदेश होता. स्फोटकांचा ट्रक वेगाने आला तेव्हा त्यांच्या हाती जेमतेम सहा सेकंद होते. दोघांनीही जागा न सोडता गोळ्या झाडल्या, ट्रक प्रवेशद्वारापाशीच थांबला आणि तिथे फुटला. ते दोघे मारले गेले. आतले ५० हून अधिक मरीन आणि इराकी पोलीस वाचले. दोघांना मरणोत्तर नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक देण्यात आले. ही सहा सेकंदे आज आपल्याला ठाऊक आहेत ती तिथल्या कॅमेऱ्यामुळे. कॅमेऱ्याने चित्रण केले, ट्रक माणसांनी अडवला.

तिसरा मुद्दा, म्हणजे हल्ल्याला पूर्वसूचना नसते हा, चारही मुद्द्यांत सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चा आहे. हल्ला क्षणात होतो. त्याची तयारी क्षणात होत नाही. लक्ष्य निवडावे लागते, पाळत ठेवावी लागते, पहाऱ्याची बदली कधी होते ते टिपावे लागते, पुष्कळदा रंगीत तालीमही करावी लागते, आणि यांतल्या प्रत्येक टप्प्यावर हल्लेखोराला लक्ष्याच्या जवळ यावेच लागते. १२ ऑक्टोबर २००० रोजी येमेनमधील एडनच्या बंदरात इंधन घेत असलेल्या ‘कोल’ या अमेरिकी युद्धनौकेला एक छोटी बोट येऊन भिडली आणि स्फोटात १७ नौसैनिक गेले. अनपेक्षित? त्याच बंदरात, त्याच वर्षाच्या जानेवारीत, ‘द सलिव्हन्स’ या युद्धनौकेवर याच पद्धतीने हल्ल्याचा प्रयत्न झाला होता. स्फोटकांच्या ओझ्याने ती बोटच बुडाली आणि त्या वेळी त्याचा कोणाला पत्ताही लागला नाही. सूचना नव्हती असे नाही, ती कोणी वाचली नव्हती.

जिथे ती शेवटच्या क्षणी का होईना वाचली गेली, तिथे फरक पडला. सौदी अरेबियातील खोबर टॉवर्स या अमेरिकी सैनिकांच्या निवासी संकुलात २५ जून १९९६ च्या रात्री अल्फ्रेडो गेरेरो हा हवाई दलाचा सुरक्षा सार्जंट एका इमारतीच्या गच्चीवरील पहारा तपासायला गेला होता. एक टँकर मागे मागे येत कुंपणाला लागला, त्यातून दोघे उतरले आणि वाट पाहत थांबलेल्या मोटारीत बसून निघून गेले, एवढेच त्याने पाहिले. त्याने रेडिओवर कळवले आणि उत्तराची वाट न पाहता, सोबतच्या दोघांसह वरच्या मजल्यावरून दारे ठोठावत लोकांना बाहेर काढायला सुरुवात केली. स्फोटाआधी त्यांना मोजकी मिनिटे मिळाली. १९ जण गेले, शेकडो जखमी झाले. पण रिकाम्या होत आलेल्या वरच्या मजल्यांवरचे आणि जिन्यात पोहोचलेले कितीतरी जण त्या मिनिटांमुळे वाचले. कुंपण इमारतीपासून जेमतेम २५ मीटरवर होते, हे त्याच्या हातात नव्हते.

चौथा मुद्दा, गुप्तचरांचे काम गुप्तचरांनी करावे, हा थोडक्यात निकालात काढता येतो. अमेरिकी भूदलाचे संत्र्यासाठी तीनच सामान्य आदेश आहेत, आणि त्यांतला तिसरा सांगतो की आदेशांचे उल्लंघन, आणीबाणी आणि आपल्याला दिलेल्या सूचनांत न बसणारी कोणतीही गोष्ट पहाऱ्याच्या प्रमुखाला कळवावी. खबर देणे हे संत्र्याचे जोडकाम नाही, ते त्याच्या मूळ आदेशातच आहे. पहाऱ्यावर नसतानाही हे लागू होते. अमेरिकेतील फोर्ट हूड या लष्करी तळावर ५ नोव्हेंबर २००९ रोजी १३ जणांना मारणारा हल्लेखोर सैन्यातलाच मेजर होता. त्याची मते सहकाऱ्यांना खटकत होती आणि तरीही त्याच्या मूल्यमापनाच्या कागदांवर चांगलेच शेरे पडत गेले. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपचा नकाशा २०१८ च्या जानेवारीत चर्चेत आला तेव्हा सैनिकांच्या रोजच्या धावण्याच्या वाटांवरून दुर्गम तळांची रूपरेषा कोणालाही दिसत होती. तिथे कोणत्याही गुप्तहेराने काही फोडले नव्हते. मनगटावरची घड्याळे बोलली होती.

आता ती रास्त तक्रार. प्रशिक्षण पुष्कळदा हजेरीपुरते उरते, हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. पडद्यावर सरकणाऱ्या चित्रांखालचे ‘पुढे’ बटण दाबत राहून मिळवलेले प्रमाणपत्र फाटकावर कामाला येत नाही. पण यावरून प्रशिक्षण बंद करावे असे निघत नाही. ते खोलीतून उचलून पहाऱ्याच्या जागेवर न्यावे, एवढेच निघते. ज्याला त्याची परीक्षा घ्यायची असेल त्याने मध्यरात्रीनंतर दुसऱ्या पाळीच्या संत्र्याकडे जावे आणि त्याला विचारावे : तुझ्या हद्दीची शेवटची खूण कोणती, गोळी झाडण्याआधी तुला कोणाची परवानगी लागते, आणि रेडिओ बंद पडला तर तू कोणाला व कसे कळवशील? बैरुतच्या संत्र्यांना यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पक्के पाठ होते, आणि ते उत्तरच चुकीचे लिहून दिलेले होते.