‘नास्तिकाला कितीही पुरावा द्या, तो मानणारच नाही’ : याला माझं उत्तर

जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर यांचं, शवप्रदर्शन असलं, किंवा डिसेंबरात त्यांचं फेस्त (वार्षिक सण) आलं, की एक मजकूर फोनवरून फिरू लागतो. त्यात चार गोष्टी असतात. झेवियर यांचा देह शतकानुशतकं टिकून आहे, हाच ख्रिस्ती श्रद्धेचा पुरावा. प्रार्थना आणि नवस फळल्याच्या साक्षी रोज मिळतात. मोठमोठे नास्तिक पुरावे तपासून ख्रिस्ती झाले. आणि तरीही जे मानत नाहीत त्यांचं काळीज दगडाचं आहे. पाप सोडायचं नसतं म्हणून ते डोळे मिटून घेतात.

मी फोंड्याची, हिंदू घरात वाढलेली, देव न मानणारी. ख्रिस्ती शेजाऱ्यांची श्रद्धा मी जवळून पाहिली आहे आणि तिची टिंगल मी कधी खपवून घेतलेली नाही. पण चौथा मुद्दा थेट आमच्या सचोटीवर आहे, त्यामुळे उत्तर द्यायलाच हवं.

आधी देहाबद्दल. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर वारले. मांस लवकर झडून अस्थी नेता याव्यात म्हणून पेटीत चुना घालून त्यांना पुरलं. काही आठवड्यांनी उकरलं तेव्हा देह ताजा दिसला, असं सोबतच्यांनी सांगितलं. मलाक्कामार्गे तो मार्च १५५४ मध्ये गोव्यात आला आणि इथे वैद्यांनीही तपासला. ही माणसं खोटं बोलली असं मला म्हणायचं नाही. १६१४ मध्ये उजव्या हाताचा कोपराखालचा भाग वेगळा करून रोमला पाठवला गेला. आज पेटीच्या काचेतून दिसतो तो सुकलेला देह आहे आणि गोव्यातलं चर्च स्वतः त्याला ‘पवित्र अवशेष’ म्हणतं. फिरत्या मजकुरापेक्षा चर्चची भाषा जास्त जबाबदार आहे, हे मुद्दाम नोंदवते.

तरीही मजकुराचं म्हणणं अक्षरशः खरं धरू. त्यातून काय सिद्ध होतं? रशियातल्या बुर्यातियामध्ये इतिगिलोव्ह नावाचे लामा १९२७ मध्ये पद्मासनात वारले; २००२ मध्ये त्यांना बाहेर काढलं तर देह बऱ्यापैकी शाबूत होता. तिथले बौद्ध याला त्यांच्या साधनेचं फळ मानतात. चीनमध्ये चांगशाजवळ शिन झुई या उमराव घराण्यातल्या बाईचं दोन हजार वर्षांहून जुनं शव १९७२ मध्ये मिळालं, कातडी मऊ आणि आतले अवयव जागेवर. ती संत नव्हती. तिची कबर कोळसा आणि पांढऱ्या चिकणमातीने घट्ट बंद केलेली होती. झेवियर यांच्या देहावरून मी ख्रिस्ती व्हायचं, तर त्याच न्यायाने लामांच्या देहावरून बौद्धही व्हायला हवं. आणि बौद्ध धर्मात तर जग निर्माण करणारा देवच नाही.

इथे आणखी एक सांगते. २०२४ च्या ऑक्टोबरात याच अवशेषांची डीएनए चाचणी करा, अशी मागणी झाली, लोक दुखावले, रस्ते अडले. ती मागणी मला चीड आणणारी वाटली, कारण तिचा रोख सत्यशोधनाकडे नव्हता, शेजाऱ्याला डिवचण्याकडे होता. शिवाय चाचणीने फार तर देह कोणाचा ते कळेल. झेवियर जे सांगत होते ते खरं की नाही, याचं उत्तर कुठल्याच प्रयोगशाळेत त्या देहातून निघणार नाही, ना एका बाजूने ना दुसऱ्या.

नवसाचा मुद्दा गोव्याबाहेरच्या माणसाला कदाचित बळकट वाटेल. आपल्याला वाटू नये. सायबाला अंगवण, म्हणजे नवस, करणारे हिंदू आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात, कारण ती लईराई देवीची बहीण, अशी लोकांची भावना आहे. ही माणसं नवस फळला असं मनापासून मानतात, मेणबत्ती लावतात आणि घरी येऊन तुळशीपाशी दिवाही लावतात. म्हणजे चमत्कार घडला असं मानणाऱ्यांनाही त्यावरून येशू हाच एकमेव तारणारा, हे पटत नाही. जे पाऊल श्रद्धावान हिंदू टाकत नाही, ते मी टाकलं नाही तर माझं काळीज तेवढं दगडाचं कसं?

प्रार्थनेची नीट आखलेली चाचणीही झालेली आहे. अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पैसा मुख्यतः धर्माबद्दल आस्था असलेल्या टेम्पल्टन प्रतिष्ठानचा होता. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हतं अशा दोन गटांपैकी, प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, न झालेल्यांत ५१ टक्क्यांना. प्रार्थना नक्की होणार असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ५९ टक्क्यांना. आजाऱ्यासाठी हात जोडणाऱ्याची माया यामुळे कमी होत नाही. पण ‘रोज पुरावा मिळतो’ असं म्हणणाऱ्याने हे आकडे लपवू नयेत.

ख्रिस्ती झालेले नास्तिक म्हणून या मजकुरात ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्ल्यू यांचं नाव असतं. ते चूक आहे. २००४ मध्ये त्यांनी विश्वामागे बुद्धी असावी असं मान्य केलं, ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. फ्रान्सिस कॉलिन्स मात्र खरोखर नास्तिकाचे ख्रिस्ती झाले, आणि मानवी जनुकांच्या प्रकल्पाचे ते प्रमुख होते. त्यांची वाट मी आदराने वाचली आहे. नीतीची जाणीव कुठून येते या विचाराने त्यांना ढवळलं, आणि डोंगरात गोठलेला धबधबा पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गुडघे टेकले. आपल्या नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. ते नास्तिक नव्हते, पण त्यांनाही ओढून नेलं ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने, कुठल्या न कुजलेल्या देहाने नाही. अशा परिवर्तनाला मी खोटं म्हणणार नाही. मात्र तो धबधबा पाहून दुसऱ्याने काय मानावं, हे ठरवता येत नाही.

आता दगडाचं काळीज. पाप सोडवत नाही म्हणून देव नाकारतात, असं म्हणणाऱ्याने सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींकडे पाहावं. बुद्धावरचा एक मराठी लेख वाचून त्यांच्या मनाने घेतलं, आणि घर, बायको, लहान मूल मागे ठेवून उपासमार सोसत ते सिलोनपर्यंत गेले. १९०२ मध्ये भिक्खू झाले. चैनीसाठी कोणी अशी वाट धरत नाही. आणि शुभवर्तमानातला येशूचा शिष्य थोमा? येशू मेल्यावर पुन्हा उठला हे जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही, असं तो स्पष्ट बोलला. ‘न पाहता विश्वास ठेवणारे धन्य’ हे त्याला ऐकावं लागलं हे खरं, पण त्याआधी येशूने हात पुढे केला. आम्ही मागतो ते त्याहून जास्त नाही.

मग मला काय पटेल? प्रार्थनेची तशीच काटेकोर चाचणी वेगवेगळ्या देशांत झाली आणि फक्त येशूच्या नावाने केलेल्या प्रार्थनेचा गुण पुन्हा पुन्हा दिसला, तर मी हलेन. तुटलेला हात डॉक्टरांसमोर पुन्हा उगवला तर हलेन, जरी तो कोणाच्या नावाने उगवला हा प्रश्न उरेलच.

सगळ्यात जास्त वजन मी एका वेगळ्या गोष्टीला देईन, आणि ती झेवियर यांच्याच पत्रात आहे. १५४९ मध्ये ते जपानला कागोशिमात उतरले. तिथल्या लोकांनी त्यांना विचारलं, हे इतकं खरं आणि इतकं गरजेचं, तर देवाने तुम्ही येईपर्यंत आम्हाला का सांगितलं नाही? आमचे मेलेले आईबाप आता कुठे आहेत? १५५२ च्या पत्रात झेवियर लिहितात की पूर्वजांसाठी काही करता येणार नाही हे ऐकून ती माणसं रडत, आणि आपल्यालाही दुःख होई. त्यांचं उत्तर असं होतं की देवाचा नियम प्रत्येकाच्या मनात आधीपासून असतो; खून, चोरी वाईट हे कोणी न शिकवताही कळतं. हे उत्तर प्रामाणिक आहे. पण त्यात येशू, क्रूस, पुनरुत्थान येत नाही, आणि तारणासाठी नेमकं तेच लागतं असा दावा आहे. ही कथा जिथे पोचली तिथे ती माणसांनीच नेली, जहाजांतून, पायी. जिथे कोणी गेलं नव्हतं अशा एखाद्या मुलखात, बाहेरच्याशी संबंध येण्याआधीच्या शिलालेखात येशूचं नाव आणि तो तिसऱ्या दिवशी उठल्याची गोष्ट सापडली, तर मी आधी त्याचा काळ तपासून घेईन. काळ टिकला, तर माझं मत बदलेन.