‘उन्हानं कुठं झाड मरतंय होय?’ : कागलच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी हसू आलं, मग जरा लागलं. उत्तराला चार दिवस लागले, कारण लिहिण्याआधी त्या रोपांपाशी जाऊन पुन्हा एकदा नीट बघायचं होतं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दसऱ्यानंतर मी करवीर तालुक्यातल्या आमच्या माळावर जांभळाची बारा रोपं लावली. एका नर्सरीत ती दीड वर्ष हिरव्या शेडनेटखाली वाढलेली होती. चौथ्या दिवशी पानांवर पांढुरके डाग पडले, पंधरवड्यात सात रोपं वाळली. मी लिहिलं की नेटखालचं रोप एकदम भर उन्हात नेऊ नका. त्यावर तुमचं म्हणणं असं: “ऊन म्हणजे झाडाचं जेवण. जेवणानं कुणी मरतंय होय? आमच्या आज्यानं बांधावर आंबं लावलं, कुठली जाळी अन् कुठलं काय. तुमची रोपं पाण्यावाचून गेली. पुस्तकी लाड बंद करा.”

आधी तुमचं पटलेलं सांगते. दसऱ्यानंतर रोपं लावणं ही माझीच चूक. जूनमध्ये लावली असती तर आषाढ-श्रावणातल्या ढगांनीच नेटचं काम केलं असतं आणि तोवर मुळांनीही जमीन धरली असती. दुसरं, ‘सावलीतली जुनी पानं उन्हाशी कधीच जुळवून घेत नाहीत’ हे माझं वाक्य मी मागे घेते. थोडी जुळवून घेतात. त्याबद्दल पुढे सांगतेच.

पण पाण्याचं तुमचं निदान अर्धंच बरोबर आहे. पाणी कमी पडलं की पान आधी मलूल होऊन लोंबतं, मग कडेनं वाळत आत येतं. माझ्या रोपांची पानं ताठ होती आणि डाग पानाच्या मधोमध, वरच्या बाजूला होते. आणि जे बघायला मी परवा पुन्हा गेले ते हे: जिथं एका पानावर दुसरं पान आलं होतं, तिथं खालच्या पानावर वरच्या पानाचा हिरवागार ठसा उरला होता. बाकीचं पान पांढरं पडलेलं आणि मध्ये जांभळाच्या पानाच्या आकाराची हिरवी सावली, अगदी स्टेन्सिल ठेवून रंगवल्यासारखी. पाण्याची टंचाई असा आकार कापत नाही, बुरशीही कापत नाही.

आता ‘जेवणानं कोण मरतंय’. तुम्ही ऊसवाले आहात, म्हणून गुऱ्हाळातच जाऊ. चरक मोठा बसवला, धडाधड रस निघतोय, पण रस आटवायची काहिली एकच आणि तीही छोटी. तर काय होईल? रस साठवायचं मंदाण भरून रस वाहून जाईल, उरलेला आंबेल, आणि गुळव्या डोक्याला हात लावून बसेल. पानातलं हरितद्रव्य हा चरक, तो प्रकाश धरतो. त्या ऊर्जेवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर करणारी यंत्रणा ही काहिली. दाट जंगलात जमिनीपर्यंत उन्हाचा शंभरातला जेमतेम एक-दोन हिस्सा पोचतो. तिथं वाढणारं रोप सगळी कमाई चरकावर लावतं, म्हणजे पान रुंद, पातळ आणि हरितद्रव्यानं गच्च ठेवतं. काहिली मोठी करून करायचं काय, रसच कमी आहे! असं पान भर दुपारच्या उन्हाच्या पाचव्या हिश्श्याच्या आतच तृप्त होतं. त्यावर पडणारं बाकीचं ऊन ते धरतं, पण वापरू शकत नाही. न वापरलेली ती ऊर्जा मग ऑक्सिजनला चेतवते, आणि तो चेतलेला ऑक्सिजन पानाचं हरितद्रव्यच विरंजित करतो. पांढरे डाग त्याचेच.

तुमचं पाणीही इथंच येतं. पिशवीत गुंडाळलेली मुळं पाणी ओढायला कमी पडली की पान आपली रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं, मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. म्हणजे आधीच छोटी असलेली काहिली चुलीवरून खालीच उतरवली, आणि वर चरक चालूच. शिवाय पाण्याची वाफ होऊन पान गार राहतं, तेही थांबतं. त्यामुळे मी पाणी अधिक घातलं असतं तर दोन-तीन रोपं वाचलीही असती. सातही वाचली असती असं मात्र मला वाटत नाही.

‘जितकं ऊन तितकी वाढ’ हा तुमचा अनुभव खोटा नाही, तो उसाचा आहे. ऊस, मका, ज्वारी ही मंडळी कार्बन डायऑक्साइड आधी एका ठिकाणी साठवून मग साखरेच्या यंत्रणेला देतात, म्हणून भर दुपारीही त्यांचं पोट सहसा भरत नाही. जांभूळ, आंबा, फणस यांना ती सोय नाही. झाडाझाडांतही फरक आहेच. साग, पळस, काटेसावर ही उन्हाचीच लेकरं, सावलीत ती खुरटतात. आंबा घाटात रस्त्याकडेला दरड खचली की पहिल्यांदा उगवणारा चांदाडा घ्या, मोकळी जागा दिसली की हजर! दाजीपूरच्या जंगलात अंजनीच्या झाडांच्या दाट सावलीत मात्र वेगळी पोरं वाढत असतात. दिवसभरात अंगावर पडणाऱ्या चार कवडशांवर ती गुजराण करतात. कवडसा आला की झटकन कामाला लागायचं, गेला की पुन्हा गप्प. वर एखादं जुनं झाड पडलं की त्यांच्यावर अचानक ऊन कोसळतं. माझ्या रोपांवर आलं तेच संकट, फक्त तिथं ते निसर्गानं आणलेलं असतं.

मग ती जगतात कशी? पनामातल्या स्मिथसोनियन संस्थेच्या केंद्रात उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या रोपांवर नेमकं हेच तपासलं गेलं आहे. सावलीत वाढलेली रोपं उन्हात आणली की पानांची प्रकाश वापरण्याची क्षमता आधी घसरते. मग पुढच्या काही दिवसांत पानात झॅन्थोफिल नावाची पिवळी रंगद्रव्यं वाढतात. जास्तीची ऊर्जा उष्णता म्हणून सोडून द्यायला ती मदत करतात. मंदाण भरलं की रस पाटाला सोडून द्यावा, तसं. अतिनील किरण गाळणारी द्रव्यंही वाढतात. हे जुन्या पानातही होतं, म्हणून माझं ते वाक्य चूक होतं. पण उघडून झालेल्या पानाची जाडी सहसा फारशी बदलत नाही. उन्हातल्या पानात उभ्या पेशींचे दोन-तीन थर असतात, सावलीतल्या पानात एखादाच विरळ थर. काहिली खऱ्या अर्थानं मोठी होते ती नव्या पानात. रोपाला वेळ द्यायचा तो एवढ्यासाठी, पुढची पालवी उन्हाच्या मापानं शिवून येईपर्यंत. (आंब्याची तांबूस आणि कोशिंबाची लालभडक पालवी आठवा. तो लाल रंग कोवळ्या पानाला ऊन झाकायला मदत करतो असं मानतात.)

आता तुमच्या आज्याचे आंबे. मला वाटतं, त्यांनी कोय बांधावरच पुरली असणार. ते रोप पहिल्या पानापासून उन्हातच होतं, त्याची पानं जाड आणि काहिली पहिल्यापासून मोठी. त्याला जाळी लागलीच कशाला असती? माझं जांभूळही तिथंच बी टाकून उगवलं असतं तर करपलं नसतं. दीड वर्ष सावली आणि मग एका दुपारीत माळ, भांडण आहे ते या उडीशी. लाडाबद्दल म्हणाल तर नेटखाली फार दिवस ठेवलेलं रोप लांबुडकं आणि लेचंपेचं होतं, हे मलाही मान्य आहे.

उरलेल्या पाच रोपांना मी पश्चिमेकडून चार काठ्या रोवून उसाचं पाचट बांधलंय. सकाळचं ऊन मोकळं, दुपारनंतरचं अडवलेलं. दर चार दिवसांनी पाचट थोडं विरळ करते. करपलेली पानं तोडलेली नाहीत, त्यांचा हिरवा भाग अजून कामाचा आहे. तिघांना शेंड्याला नवी पालवी आली आहे, आधीच्या पानांपेक्षा लहान आणि हाताला जाड.

तुम्ही लिहिलंय, “दहा रोपं बिनजाळीची लावून दाखवतो.” जरूर लावा. फक्त त्यातली पाच नेटखालची घ्या आणि पाच उन्हातच वाढलेली, पाणी सगळ्यांना सारखं द्या. चौथ्या दिवशी वरचं पान बाजूला करून खालच्यावर ठसा उमटलाय का तेवढं बघा आणि फोटो टाका. ठसा नाही दिसला तर मूळ लेखावर तुमचं नाव घालून दुरुस्ती छापीन. नेटखालची दोन फणसाची रोपं माझ्याकडे पडून आहेत, कोल्हापुरात येणं झालं तर घेऊन जा.

ता. क. ‘बाई, तुम्ही कधी कुदळ धरली आहे का’ हा प्रश्नही तुम्ही विचारलाय. धरली आहे. बारा खड्डे मीच काढले, कंबर अजून दुखते.